झिजलंय का कुजलंय

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी गाडीचं दार उघडलं आणि ओल्या काथ्याचा वास आला. खरं तर या गाडीत काथ्या कुठंच नाही. दारांना हार्डबोर्ड, सीटांना फोम आणि पायाखालच्या मॅटिंगच्या पोटात जाड अस्तर, एवढंच. तरी वास तोच होता. कराडला माझ्या मामांचं सीटा शिवायचं दुकान होतं. पावसाला सुरुवात झाली की ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या भिजलेल्या सीटा दुकानात यायच्या, मामा दाभण घालून त्यांची शिवण उसवायचे आणि आतला कुजका काथ्या बाहेर आला की हा वास दुकानभर पसरायचा. मे महिन्याची सुट्टी संपून शाळा सुरू व्हायच्या आत दोन-चार पाऊस झालेले असायचे, त्यामुळे आजोळहून परतताना हा वास माझ्याबरोबर यायचा.

गाडी माझी आहे, आणि मी मँचेस्टरच्या दक्षिणेला स्टॉकपोर्टमध्ये राहते. इथं पावसाला आषाढाची वाट बघावी लागत नाही.

गाडीचं नाव युनोस रोडस्टर. युरोपात माझदा एमएक्स-५ आणि अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखतात ती हीच. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि त्याच सप्टेंबरात जपानात विकायला लागली. तिथं माझदानं तिच्यासाठी युनोस हे वेगळं नाव वापरलं. दोन माणसांची जागा, कापडी टप, वर उघडणारे दिवे, १६०० सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि वजन जेमतेम साडेनऊशे किलो. जपानातही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे तिथल्या जुन्या युनोस मोठ्या संख्येनं बोटीनं इंग्लंडला आल्या. माझी १९९१ ची. मागं धुक्याचा लाल दिवा इथं आल्यावर बसवलेला, कारण इथल्या कायद्याला तो लागतो. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर मात्र अजून जपानी अक्षरं आहेत. कुठला फ्यूज कशाचा हे मी आकृत्या बघून पाठ केलंय.

त्या शनिवारी मी डाव्या दाराशी गुडघे टेकून बसले. दाराचं आतलं पॅड, म्हणजे हार्डबोर्डवर व्हायनिल चिकटवलेला तो पुठ्ठा, खालच्या कडेला चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला होता. बोट लावलं तर बोट आत गेलं. उजव्या दाराचंही तेच, जरा कमी. वरच्या बाजूला व्हायनिल आकसून कडेपासून सुटलं होतं. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड चेपून गेलेली, गिअरच्या दांड्याभोवतीचा चामड्याचा बूट दोन ठिकाणी फाटलेला. स्टिअरिंगचं चामडं घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी इतकं गुळगुळीत झालेलं की त्याचा मूळ रवा, म्हणजे वरची दाणेदार नक्षी, दिसतच नव्हता.

हे सगळं मी गेली सहा वर्षं रोज बघत होते. इंजिनाचं तेल वेळेवर बदलत होते, ब्रेक बघत होते, दर वर्षी एमओटी या सरकारी तपासणीला जाताना खालचा पत्रा गंजला नाही ना याची धास्ती घेत होते. आतल्या गोष्टींसाठी मात्र कुणी गाडी नापास करत नाही, म्हणून ते राहून गेलं. मला आता वाटतं, हे उलटं आहे. इंजिनाला मी वर्षातून दोनदा हात लावते. दाराच्या पॅडला, सीटला, गिअरच्या गोळ्याला रोज लावते. गाडी आणि माणूस यांची खरी भेट होते ती या चार-पाच जागी.

मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. फोनच्या पडद्यावर त्यांना फारसं दिसत नाही, पण ते तसं म्हणत नाहीत. मी फोन दाराशी नेला, सीटवरून फिरवला आणि म्हटलं, "मामा, सगळंच बदलायला झालंय."

"आगं, सगळं कशाला बदलतीस? आधी बघ, झिजलंय का कुजलंय?"

मला कळलं नाही.

"झिजल्यालं म्हंजी माणसाच्या हातानं. कुजल्यालं म्हंजी पाण्यानं. झिजल्याल्याला हात लावू नगं. कुजल्यालं ठिवू नगं."

एवढं बोलून त्यांनी मामीला फोन दिला आणि ते जेवायला बसले. पुढचे पाच महिने मी त्या वाक्याच्या मागं होते.

कुजण्याचं मूळ शोधायला पॅड काढावं लागलं. आतल्या हँडलमागचा स्क्रू, ओढायच्या मुठीचे स्क्रू, मग कडेनं बसवलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा. काचेची बटणं या गाडीत दारावर नाहीत, दोन सीटांच्या मधल्या कन्सोलवर आहेत, त्यामुळे तारांची भानगड कमी. क्लिपा मात्र पस्तिशीला आलेल्या, निम्म्या काढतानाच तुटल्या. पॅड हातात आलं आणि मी ते उलटं केलं. मागच्या बाजूला निळ्या शाईचा जपानी शिक्का होता. पाण्यानं शाई पसरून त्याची जांभळट ढगासारखी नक्षी झालेली. खालची चार बोटं बोर्ड म्हणजे नुसता लगदा.

दारात पाणी येणारच, हे मला तेव्हा समजलं. काच वरखाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून खाली निघून जातं. दाराची रचनाच तशी आहे. ते पाणी बोर्डापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो, काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीनं पत्र्याला चिकटवलेला. माझ्या गाडीत कधीतरी कुणीतरी स्पीकर बदलला होता आणि तो पडदा मधोमध फाडून तसाच सोडून दिला होता. तळाची भोकंही पानांच्या चिखलानं बुजलेली. पाच मिनिटांचं काम कुणीतरी टाळलं आणि दोन्ही दारं कुजली. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

मॅटिंगचंही तेच. या गाडीच्या कापडी टपावरचं पाणी सीटांच्या मागं दोन्ही कोपऱ्यांत जमतं आणि नळीवाटे खाली मागच्या चाकापुढं बाहेर पडतं. नळी बुजली की पाणी आत उलटतं आणि मॅटिंगखालचं अस्तर ते स्पंजासारखं धरून ठेवतं. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं. अस्तर दाबलं की बोटांच्या मधून पाणी येतं. याच पाण्यानं दाराखालचा पत्रा आतून गंजतो, आणि या गाड्या मरतात त्या बहुतेक वेळा तिथूनच. मी खिडकीच्या पडद्याची स्प्रिंगची तार घालून दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या. डावीकडून आधी काळं पाणी आलं, मग पाइनची सुया-सुयांची पानं, मग एकदम खळ्ळकन सगळं.

मॅटिंग उचललं तेव्हा सीटच्या रुळापाशी एक पिवळं नाणं सापडलं, मध्ये भोक असलेलं. पाच येनचं. आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याचा भोकाचा पैसा होता, इंग्रजांच्या काळातला, लाल दोऱ्यात ओवलेला. जपानात पाच येनला 'गो-एन' म्हणतात आणि 'गोएन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा आहे, म्हणून देवळात हे नाणं वाहतात. कुणाच्या खिशातून पडलं असेल कोण जाणे. मी ते पुसून परत त्याच जागी ठेवलं.

तयार पॅड मिळतात, तेही बघितलं. एका विक्रेत्याकडून जोडी मागवली, ती आली आणि तिची भोकं दाराच्या भोकांशी एक सेंटिमीटरनं चुकत होती. परत पाठवली. खुद्द माझदानं २०१७ मध्ये या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जपानात पुनर्बांधणीची योजना जाहीर केली आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवले: कापडी टप, नार्डी कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, गिअरचा लाकडी गोळा, इतकंच काय, त्या काळच्या नक्षीचे ब्रिजस्टोनचे टायरसुद्धा. तीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची एखाद्या कंपनीनं अशी आठवण ठेवावी, याचा मला मनापासून आदर वाटतो. पण दाराच्या पुठ्ठ्यासाठी मला माझदाच्या हिरोशिमापर्यंत जायची गरज नव्हती. जुनं पॅड होतं की, फर्मा म्हणून.

३ मिलिमीटरचं प्लाय आणलं. जुनं पॅड त्यावर पालथं ठेवून पेन्सिलीनं आखलं, कुजलेल्या भागाची कड दुसऱ्या दाराच्या पॅडवरून उलटी करून घेतली, क्लिपांची भोकं एकेक करून मोजली. मामांनी सांगितलं होतं, "प्लायच्या कडंला वॉर्निश पाज. चोळू नगं, पाज." म्हणजे ब्रशनं पुसून मोकळं व्हायचं नाही. कड वॉर्निश पीत राहते तोवर घालत राहायचं. पहिला हात दोन मिनिटांत नाहीसा झाला, दुसरा पाच मिनिटांत. चौथ्या हाताला कड तृप्त झाल्यासारखी चकाकत राहिली.

आता वरचं कातडं. इथं झिजणं आणि कुजणं एकाच वस्तूत एकत्र आलं होतं आणि मला निर्णय करता येईना. बोर्ड कुजलेला, तो जाणारच. पण उजव्या पॅडच्या व्हायनिलवर, ड्रायव्हरचं कोपर टेकतं तिथं, एक लांबट गुळगुळीत जागा होती. हाताच्या पंजाएवढी. रवा पुसून गेलेला, काळ्याचं करडं झालेलं. माझं कोपर सहा वर्षं तिथंच टेकतंय, पण सहा वर्षांत एवढं झिजत नाही. त्याआधी कुणाकुणाची कोपरं तिथं टेकली. जपानातल्या पहिल्या माणसाचं, इथल्या तीन-चार जणांचं. आम्ही एकमेकांना ओळखत नाही, आणि तरी प्रत्येकाचा हात त्याच जागी गेला, कारण गाडीनं तो तिथंच नेला.

मामा म्हणाले, "हाड बदल, कातडं ठिव."

पस्तीस वर्षांचं व्हायनिल सोलून काढणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, आणि ते मुळात नळाच्या पाइपासारखं कडक असतं. त्याला चामड्यासारखं मऊ करायला त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, आणि ते द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर निघत राहतं. उन्हात उभ्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून धुरकट थर धरतो, त्यात मोठा वाटा याच द्रव्याचा. जितकं द्रव्य जातं तितकं व्हायनिल आकसतं, ताठरतं आणि शेवटी तडकतं. हीट गननं जरा ऊब दिली की ते थोडा वेळ मऊ पडतं, तेवढ्यात सोलायचं. कमी ऊब दिली तर फाटतं, जास्त दिली तर चकाकतं आणि रवा कायमचा वितळतो.

आधी डावं पॅड घेतलं, कारण त्यावर कुणाच्या कोपराची खूण नव्हती. अर्धं छान निघालं. मग मुठीच्या भोकापाशी एक बारीक चर्र असा आवाज झाला आणि वीतभर फाटलं. ते गेलं. उजवं पॅड मी पुढच्या रविवारी, सबंध दिवस मोकळा ठेवून केलं. एका हातात हीट गन, दुसऱ्या हातात बोथट केलेली पटाशी, आणि एकदा एक बोट एवढंच पुढं जायचं. कोपराच्या जागेपाशी पोचले तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. तिथं व्हायनिल इतकं पातळ झालं होतं की उजेडात धरलं तर पाठच्या कापडाची विण दिसत होती. पण विण शाबूत होती, आणि विणीनंच ते तारलं. अखंड निघालं.

डाव्या दारासाठी नवं रेग्झीन हवं होतं. आता या शब्दाविषयी थोडं सांगायलाच हवं.

आपल्याकडं शाळेच्या दप्तरापासून दवाखान्यातल्या तपासणीच्या बाकापर्यंत चामड्यासारखं दिसणारं जे काही असतं ते रेग्झीन. मामांच्या दुकानात त्याचे ताके भिंतीला उभे असायचे, चेतकच्या सीटसाठी काळं, जीपसाठी तपकिरी, आणि एक लाल भडक, लग्नाच्या गाड्यावाल्यांसाठी. मला तो आपलाच शब्द वाटायचा, घमेलं किंवा पातेलं यासारखा. इथं राहायला आल्यावर कळलं की रेग्झीन हे एका मालाचं नाव होतं आणि तो माल माझ्या घरापासून काही मैलांवर, मँचेस्टरच्या पूर्वेला हाइड नावाच्या गावात बनत असे. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल, रंग आणि अल्कोहोल यांचं मिश्रण चढवायचं आणि वर चामड्याचा रवा उठवायचा. १९२० नंतरच्या काळात इंग्लंडातल्या मोटारगाड्या, रेल्वेचे डबे, पुस्तकांच्या बांधण्या, सगळ्यांना ते लागत होतं. आता ते बनत नाही. आपण आज रेग्झीन म्हणतो ते पीव्हीसी. नाव मात्र राहिलं, आणि राहिलं ते कराडला.

हाइडच्याच बाजूला एका गल्लीत सीटा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा गाळा आहे. मी आत गेले आणि सवयीनं म्हटलं, मला काळं रेग्झीन हवंय. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून त्यानं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. कुठून आलीस विचारलं. मी मामांच्या दुकानाचं सांगितलं, लाल भडक ताक्याचं सांगितलं. त्यानं गाळ्याच्या मागं जाऊन रव्याचे सहा नमुने आणले, माझं फाटकं व्हायनिल खिडकीशी नेलं आणि प्रत्येक नमुना त्याच्याशेजारी धरून बघितला. चौथा जुळला. दीड मीटरचे पैसे घेतले आणि उरलेला तुकडा तसाच गुंडाळून दिला. कोपऱ्यांना कापताना चुकशील, जास्तीचं असू दे, म्हणाला. मामाही गिऱ्हाइकाला असाच वरचा तुकडा द्यायचे.

चिकटवताना मी चुकलेच, पण कापण्यात नाही. पहिल्यांदा दुकानातून आणलेला साधा स्प्रे मारला. सोपा, स्वच्छ, अर्ध्या तासात काम झालं. एप्रिलमध्ये बसवलेलं पॅड जूनच्या पहिल्या कडक उन्हात वरच्या गोलाईवर सुटलं. बंद गाडीत ऊन कोंडलं की साधं सोल्यूशन मऊ पडतं, आणि ताणलेलं व्हायनिल त्या क्षणाची वाटच बघत असतं. मग उष्णता सोसणारं, ब्रशनं लावायचं सोल्यूशन आणलं. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच कठीण. ओलं दिसतंय तोवर माणसाला घाई होते. मामा बोटाची उलटी बाजू लावून बघायचे. "बोटाला लागलं तर ओलं, बोटाला धरून सोडलं तर तयार." एकदा टेकलं की परत उचलता येत नाही. म्हणून मधूनच सुरुवात करायची आणि तळव्यानं बाहेरच्या बाजूला रेटत जायचं, म्हणजे हवा कोंडत नाही. गोलाईला कड दुमडताना करवतीच्या दातांसारखे काप द्यायचे, नाहीतर मागं चुण्यांचा गठ्ठा होतो आणि पॅड दाराला सपाट बसत नाही.

जुन्या व्हायनिलला आणखी एक रोग होता. आधीच्या कुणीतरी ते चमकवायला सिलिकॉनचे फवारे मारले होते. सिलिकॉन एकदा कडांवरून पाठीपर्यंत गेलं की त्यावर कुठलंही सोल्यूशन धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चार वेळा पुसलं, दर वेळी नवा फडका घेऊन. गाडीच्या आतल्या भागाला चकाकी आणणाऱ्या या बाटल्या मला अजिबात आवडत नाहीत. व्हायनिल कारखान्यातून येतं तेव्हा मंद असतं. उन्हात डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून ते तसं केलेलं असतं. त्याला तेल लावल्यासारखं चोपडं करून काय मिळतं?

सीटचं काम मला जास्त आवडलं. सीट चार बोल्टांवर असते, १४ चा पाना लावला की दहा मिनिटांत बाहेर. या गाडीच्या कापडी सीटांची वीण जपानी घरातल्या ताटामीच्या चटईवरून घेतलेली आहे. जवळून बघितलं तर गवताच्या काड्या आडव्या विणल्यासारखी दिसते. कापड घट्ट होतं, शिवणही धडधाकट. आतला फोम मात्र उजव्या कडेला पिठासारखा झाला होता. पॉलियुरेथेनचा फोम वर्षानुवर्षं दमट हवा खाऊन खाऊन असा होतो, आणि उतरताना-चढताना माणूस नेमका त्याच कडेवर बसतो. कापड सोडवलं तर मांडीवर पिवळा भुगा पडला.

माझदाच्या लोकांनी ही गाडी घडवताना एक जपानी शब्दप्रयोग समोर ठेवला होता, जिनबा इत्ताई. स्वार आणि घोडा एकजीव. आपल्याला हे कळायला दुभाष्या लागू नये. मराठीत घोड्यावरच्या बैठकीला मांड म्हणतात, आणि पक्की मांड हे स्वाराचं पहिलं लक्षण. मांड म्हणजे नुसतं बसणं नव्हे. मांड्यांनी घोड्याला धरणं, त्याचं वळणं पायांतून कळणं. चेपलेल्या कडेच्या सीटवर बसून वळण घेतलं की माझं अंग उजवीकडं कलंडायचं आणि तोल सावरायला मी स्टिअरिंगला लोंबकळायचे. म्हणजे ज्या हातांनी गाडीला सांगायचं, त्याच हातांनी स्वतःला धरून ठेवायचं. गाडी जड वाटायची. मी इतके दिवस त्याचा दोष टायरांना देत होते.

आणि खोगीरभरती हा शब्द आपण किती हलक्यानं वापरतो. कामाचं नसलेलं काहीतरी कोंबणं, असा. खोगीर भरताना काय भरावं याची पेशवाईतल्या जीनगरांना नक्कीच फिकीर असणार, कारण भरती एका बाजूला दबली तर घोड्याची पाठ सोलवटते. मी दाट फोमची पाचर कापली, सुरीनं तासून तासून जुन्या कडेच्या आकाराला आणली, वर पातळ मऊ फोमचा थर दिला. पहिल्यांदा फार उंच झाली, मांडी टोचायला लागली. उसवून बोटभर कमी केली. तिसऱ्या वेळी बसले आणि काहीच जाणवलं नाही. तेव्हा बरोबर झालं.

गिअरच्या बुटाचं थोडक्यात सांगते. वरचा चामड्याचा नवा शिवला, पण खरं दुखणं त्याच्याखाली होतं. आतला रबरी बूट चिरला होता आणि त्यातून गिअरबॉक्सची सगळी धग आणि घरघर आत येत होती. कन्सोल काढलंच होतं, म्हणून तो नवा घातला. वरचं फाटलेलं दिसतं म्हणून लोक फक्त वरचंच बदलतात.

स्टिअरिंग तसंच ठेवलं. त्याला नवं चामडं चढवून देणारे आहेत, घरी शिवायची सामग्रीही मिळते. दोन दिवस मी त्याच्याकडं बघत होते. चामडं कुठं फाटलेलं नाही, टाके धरून आहेत, ओल नाही, बुरशी नाही. फक्त हातांनी गुळगुळीत केलंय. ओल्या फडक्यानं मळ काढला आणि साय काढलेल्या दुधासारखी एक मंद झाक वर आली. गिअरच्या गोळ्यावरचे आकडेही अर्धे पुसलेत, तेही राहू दिले. चौथा कुठं आहे हे हाताला ठाऊक आहे.

अशा तऱ्हेनं माझ्या गाडीची दोन दारं आता सारखी नाहीत. डाव्या दारावर नवं रेग्झीन, रवा ताजा, काळा रंग गर्द. उजव्यावर १९९१ चं व्हायनिल, जरा करडं, आणि कोपराची ती जागा. एका मित्रानं बघितलं आणि म्हणाला, दुसरंही नवं करून टाक, जोडी जुळेल. कापड उरलंय, करता येईल. मी करणार नाही. डाव्या दाराला त्याची स्वतःची झीज येऊ दे. माझ्या शेजारी बसणाऱ्याचं कोपर तिथं टेकायला आता सुरुवात होईल.

जुलैमध्ये सगळं बसवून झालं. नवे प्लास्टिकचे पडदे, नवी काळी पट्टी, नव्या क्लिपा. मामांना फोन लावला आणि हौसेनं एकेक गोष्ट दाखवायला लागले. दारं, सीटची कड, गिअरचा बूट. मामा हं हं म्हणत होते. मध्येच थांबवून म्हणाले, "दावू नगं. वाजव."

दुकानात ते सीट तयार झाली की तिच्यावर तळवा मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. भरती कुठं पोकळ राहिलीय ते त्यांना आवाजावरून कळायचं. मी लहान असताना मला तो खेळ वाटायचा आणि मीही शेजारी उभी राहून तळवा मारायचे.

मी फोन बोनेटवर ठेवला. डावं दार उघडलं आणि लावलं. धप्प. सहा वर्षं ऐकत आलेला तो डबडा आवाज गेला होता. मला फार आनंद झाला.

"परत लाव."

परत लावलं.

"मागच्या कोपऱ्यात, खाली," मामा म्हणाले, "एक क्लिप बसली न्हाई."

मी खाली वाकले. पॅडच्या मागच्या खालच्या कोपऱ्याशी कागद जाईल एवढी फट होती. अंगठ्यानं दाबलं. टक् झालं.

"हां," मामा म्हणाले. "आता लाव."